मताचा काटा दाखवा

जिनिंगवर कापसाची गाडी घेऊन गेलेला शेतकरी भरल्या गाडीचे वजन स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, रिकाम्या गाडीचे पाहतो आणि पावती खिशात पडल्याशिवाय आवार सोडत नाही. वजनात फट वाटली तर सरळ म्हणतो, "शेठ, पुन्हा काट्यावर घ्या." त्यासाठी त्याला कोणी देशद्रोही ठरवीत नाही, की त्याच्या गावात जमावबंदी लावीत नाही. जो व्यापारी दुसऱ्यांदा गाडी काट्यावर घेऊ देतो त्याच्याकडे पुढच्या हंगामातही गाड्या जातात. जो नाही म्हणतो त्याच्या काट्याबद्दल चार गावांत बोलले जाते, मग काटा खरा का असेना.

२३ नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला तेव्हापासून मताच्या काट्यावरून राज्यात वाद पेटला. जून २०२४ मध्ये लोकसभेच्या ४८ जागांपैकी ३० महाविकास आघाडीकडे आणि १७ महायुतीकडे गेल्या होत्या. साडेपाच महिन्यांत पारडे पार फिरले. विधानसभेच्या २८८ जागांपैकी भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. आपल्या भागातही तेच. यवतमाळ-वाशीममधून लोकसभेवर उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचा उमेदवार गेला, त्याच मतदारसंघातल्या कारंजा क्षेत्रातून विधानसभेवर भाजपचा.

कामरगावच्या पारावर त्या दिवसांत कोणता प्रश्न ऐकू येत असेल, हे सांगायला नको. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात माल त्याच्या खाली जात होता. मग सरकारला मत दिले कोणी? एक म्हणतो, लाडक्या बहिणीच्या दीड हजार रुपयांनी दिले. दुसरा म्हणतो, यंत्राने दिले. खरे सांगायचे तर शेजाऱ्याच्या मनात काय होते हे दोघांनाही ठाऊक नाही. मतदान गुप्त असते ते यासाठीच. म्हणून निकाल विचित्र वाटला एवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही. शंका हा पुरावा नव्हे. पण शंका घेणे हा गुन्हाही नव्हे. या दोन वाक्यांपैकी एकच वाक्य प्रत्येक पक्ष आपल्या सोयीने बोलतो, हा सगळा घोळ आहे.

पक्षांची शंका निकालाबरोबर कूस बदलते. २००९ ची लोकसभा हरल्यावर लालकृष्ण अडवाणी यांनी कागदी मतपत्रिका परत आणा अशी मागणी केली होती. तेव्हा काँग्रेसला यंत्रावर पूर्ण भरवसा होता. आज भाजपला भरवसा आहे आणि काँग्रेसला शंका. मतदाराला आपले मत दिसावे म्हणून यंत्राला चिठ्ठीची जोड द्या, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ ला दिला, तो सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर. म्हणजे आजची चिठ्ठीदेखील कालच्या हरलेल्यांच्या शंकेतून आली आहे. शंका घेणाऱ्याने लोकशाहीचे नुकसान केले असे म्हणायला जागा नाही.

मारकडवाडी आणि बुआना लाखू

सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीची गोष्ट सगळ्यांनी ऐकली आहे. माळशिरस मतदारसंघातील हे गाव. मतदारसंघात शरद पवार यांच्या पक्षाचे उत्तम जानकर १३,१४७ मतांनी निवडून आले. पण मारकडवाडीत भाजपच्या राम सातपुते यांना १,००३ आणि जानकरांना ८४३ मते दिसली. जानकरांच्या बाजूच्या गावकऱ्यांना हे पटले नाही. त्यांनी ठरवले की ३ डिसेंबर २०२४ ला स्वखर्चाने कागदी मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घेऊन पाहू. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस उतरले, मतदान रद्द झाले, गुन्हे दाखल झाले. ८ डिसेंबरला शरद पवार गावात आले. १० डिसेंबरला गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत यांनी त्याच गावात यंत्राच्या बाजूने सभा घेतली. एक गाव, दोन मांडव.

कायद्याने गावकऱ्यांना स्वतःचे मतदान घेता येत नाही, हे बरोबर. शिवाय दहा दिवसांनी घेतलेले उघड वातावरणातले मतदान मूळ मतदानाचा पुरावा ठरत नाही, हेही बरोबर. पण गावच्या बूथवरील चिठ्ठ्या त्या वेळी पेटीत बंद होत्या. त्या गावकऱ्यांसमोर मोजल्या असत्या तर अर्ध्या दिवसात निकाल लागला असता. सातपुतेंची मते खरी निघाली असती तर गाव गप्प बसले असते. खोटी निघाली असती तर देशाला कळले असते. दोन्हीत नुकसान कोणाचेच नव्हते. प्रशासनाने बंदोबस्तावर खर्च केला आणि शंका जिथल्या तिथे ठेवली.

आता हरयाणातल्या पानिपत जिल्ह्यातील बुआना लाखू गाव पाहा. २ नोव्हेंबर २०२२ ला तेथे सरपंचाची निवडणूक झाली आणि एक उमेदवार विजयी ठरला. हरलेल्याने वाद सोडला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने यंत्रे दिल्लीत मागवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच आवारात फेरमोजणी करून घेतली. ३,७६७ मतांपैकी हरलेल्याला १,०५१ आणि जिंकलेल्याला १,००० मते निघाली. निकाल उलटला. यंत्र बिघडले नव्हते, एका बूथवर कर्मचाऱ्याच्या हातून दोन उमेदवारांची मते उलटसुलट लिहिली गेली होती. मोजायला एक दिवस पुरला. मोजू द्यायला पावणेतीन वर्षे लागली.

कागद होता तेव्हाही शंका होती, हेही विसरू नये. १९७१ च्या लोकसभेत इंदिरा गांधींना प्रचंड बहुमत मिळाले. दक्षिण दिल्लीत हरलेले जनसंघाचे बलराज मधोक म्हणाले की मतपत्रिकांवर रसायन लावले होते, मारलेला शिक्का उडाला आणि दुसरीकडे उमटला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नमुन्याच्या मतपत्रिका तपासून पाहिल्या आणि आरोप टिकला नाही. तपासले म्हणून वाद मिटला. आरोप हास्यास्पद आहे असे म्हणून हाकलून दिले असते तर तो अजून जिवंत असता.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ ला मतदान यंत्रांविरुद्ध निकाल दिला, तोही याच मुद्द्यावर. मत कसे मोजले गेले हे सामान्य नागरिकाला तज्ज्ञाच्या मदतीशिवाय तपासता आले पाहिजे, असे त्या न्यायालयाने म्हटले. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला, म्हणजे यवतमाळ-वाशीममध्ये मतदान चालू होते त्याच दिवशी, सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच बूथच्या चिठ्ठ्या जुळवण्याची पद्धत कायम राहिली. महाराष्ट्रात २०२४ मध्ये २८८ क्षेत्रांतल्या १,४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि एकही फरक आढळला नाही, असे आयोग सांगतो. आयोगाच्या या आकड्याला आम्ही खोटे म्हणत नाही. उलट आमचा प्रश्न असा की एवढी खात्री आहे तर आणखी मोजायला भीती कसली? आणि २०२५ अखेरच्या नगरपरिषदांच्या मतदानात तर यंत्रांना चिठ्ठीची जोडच नव्हती. तेथे पुन्हा मोजायचे म्हटले तरी मोजणार काय?

चोर धुऱ्यावरच पकडला जातो

यादीचे भांडण यंत्राहून जुने आहे. लोकसभा ते विधानसभा या काळात राज्यात चाळीस लाखांच्या आसपास मतदार वाढले. राहुल गांधी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये हा प्रश्न लोकसभेत मांडला. १ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत शरद पवार, उद्धव ठाकरे आणि राज ठाकरे यांच्या उपस्थितीत 'सत्याचा मोर्चा' निघाला आणि त्याच दिवशी गिरगाव चौपाटीवर भाजपने मूक आंदोलन केले. आयोगाचे उत्तर असे की याद्या सर्व पक्षांना दिल्या होत्या आणि साडेनऊ कोटींहून अधिक नावांवर पहिली अपिले आली फक्त ८९.

हे उत्तर आयोगाला जितके सोयीचे आहे तितकेच पक्षांना लाजिरवाणे आहे. मोर्च्याला लाखो माणसे जमवता येतात, पण गावची यादी वाचायला प्रत्येक बूथवर दोन माणसे मिळत नाहीत? चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये नवीन मतदारांचे सहा हजार आठशेंच्या वर अर्ज बोगस निघाले. ते वेळेत सापडले म्हणून नाकारले गेले आणि गुन्हा नोंदला गेला. त्या मतदारसंघाचा निकाल ३,०५४ मतांनी लागला. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. अर्ज कोणी भरले याचा शोध लावणे सरकारचे काम आहे. पण चोर धुऱ्यावर दिसला तरच हाती लागतो, पऱ्हाटीत शिरल्यावर नाही.

मतदानाच्या आकड्याचेही असेच. २० नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के सांगितलेले मतदान शेवटी ६६.०५ टक्के झाले. रांगेतल्या लोकांनी सहानंतरही मतदान केले, आधीचे आकडे अंदाजाचे होते, असे आयोग म्हणतो. शक्य आहे. त्याची पडताळणी करायचा कागद कायद्यानेच दिला आहे. मतदान संपले की केंद्राध्यक्ष नमुना १७ सी भरतो आणि त्याची प्रत उमेदवाराच्या प्रतिनिधीला देतो. त्यात यंत्राचा क्रमांक आणि एकूण मते असतात. ही आपली काटापावती. किती बूथवर प्रतिनिधी शेवटपर्यंत बसतो? बाहेर टेबलाशी चहा पिणारे पंधरा आणि आत सही करायला कोणी नाही, हे चित्र खेड्यापाड्यांत नवे नाही.

भांडण आपल्या घरात नको

रस्त्यावर उतरणे हा शेतकऱ्याचा जुना हक्क आहे आणि आम्ही तो सोडणार नाही. पण कोणाच्या निकालासाठी कोण कोणाचे डोके फोडणार, हे ठरवून उतरले पाहिजे. केनियात डिसेंबर २००७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल वादात सापडला. मतमोजणीवर कोणाचाच विश्वास उरला नाही. हजाराहून अधिक माणसे मेली, लाखो लोक घरेदारे आणि शेते सोडून पळाले. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २००८ मध्ये, दोन्ही नेत्यांनी करार केला. एक राष्ट्राध्यक्ष राहिला, दुसरा पंतप्रधान झाला. शेतकरी मात्र तंबूतच होते.

महाराष्ट्रात तेवढे काही झालेले नाही, आणि होऊ नये. पण २०१९, २०२२ आणि २०२३ या सालांत कोण कोणाबरोबर शपथ घेऊन बसला ते आपण पाहिले आहे. काल ज्यांच्यासाठी गावात दोन भावांनी बोलणे सोडले, ते नेते आज एका टेबलावर जेवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात यायच्या वेळी. त्या निर्णयाने दोन्ही गटांच्या शेतकऱ्यांचा भाव सारखाच पडला. मत कोणाला दिले हे विचारून कोणाच्या गाडीला जास्त भाव मिळाला नाही.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमच्या सूचना अशा. मतदानाआधी प्रत्येक गावाने ग्रामसभेत मतदार यादी मोठ्याने वाचावी. मेलेली, स्थलांतरित, दुबार नावे तेथेच नोंदवून हरकतीचा नमुना ७ भरावा, सुटलेल्यांसाठी नमुना ६. कोणाचेही नाव पक्ष पाहून कापू नये. मतदानाच्या दिवशी सकाळच्या चाचणी मतदानापासून यंत्राला सील लागेपर्यंत प्रत्येक उमेदवाराचा प्रतिनिधी आत असावा आणि १७ सी ची प्रत दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. सर्व पक्षांच्या कार्यकर्त्यांनी हे काम एकत्र करावे, कारण यादी आणि आकडा कोणत्याच पक्षाचा नसतो.

सरकार आणि आयोगाकडे मागणी एकच. ज्या बूथवर गावातील मतदार ठराविक संख्येने लेखी मागणी करतील, त्या बूथच्या चिठ्ठ्या सर्वांसमोर मोजाव्यात आणि गाव चुकीचे ठरले तर मोजणीचा खर्च गावाकडून घ्यावा. स्थानिक निवडणुकांनाही चिठ्ठी लावावी.

हा ठराव मांडताना सूचक एका पक्षाचा आणि अनुमोदक दुसऱ्या पक्षाचा असावा. कामरगाव परिसरातील गावांनी तेवढे करून दाखवले तरी वाशीमला पाठवायच्या निवेदनाला वजन येईल. पुढच्या बैठकीला येताना आपल्या बूथची यादी सोबत आणा.