वाडा पारनेर तालुक्यात, कागद कोट्याला

१/ राळेगणसिद्धीचा इतिहास बहुतेकांच्या लेखी १९७५ साली सुरू होतो. लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी यादवबाबांचे पडझड झालेले मंदिर पुन्हा उभे केले. त्याआधी त्या मंदिराचे लाकूड गावातल्या दारूच्या भट्ट्यांत जळाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. सांगणाऱ्यांचा रोख व्यसनावर असतो आणि तो रास्तही आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तेथे सरपणाबरोबर पुरावाही जळाला. खांबांची घडण, तुळयांचे सांधे, कोरीव कामाची धाटणी यांवरून जाणकार बांधणीचा काळ ताडतो. आता जुन्या मंदिराविषयी उरली ती सांगोवांगी.

२/ त्याच पारनेर तालुक्यात जामगावी महादजी शिंद्यांचा वाडा आहे. पळशीला होळकरांचे दिवाण पळशीकर यांचा कोरीव लाकूडकामाचा वाडा आहे. येथे लाकूड शाबूत आहे, तरी कथन सांगोवांगीचेच. कॅमेरा दिंडी दरवाजातून आत शिरतो, पार्श्वभूमीला तुतारी वाजते आणि एक भुयार थेट कुठल्यातरी किल्ल्यात निघते. भुयाराशिवाय वाडा पुरा होत नाही, हा अलीकडचा वास्तुनियम दिसतो!

३/ इंग्लंडमधील जुन्या हवेल्यांचा अभ्यास कसा होतो, हे या संदर्भात पाहण्याजोगे आहे. डर्बीशायरमधील हार्डविक हॉल १५९० च्या दशकात बांधला गेला. त्याच्या बांधकामाचे हिशेब टिकून आहेत. शिवाय १६०१ मध्ये मालकिणीने दालनागणिक चीजवस्तूंची यादी करवून घेतली, तीही उपलब्ध आहे. कोणत्या खोलीत कोणता पलंग आणि कोणते भिंतपडदे होते, हे चारशे वर्षांनी सांगता येते. १६६२ ते १६८९ या काळात तेथे चुलाण्यांवर कर होता. सरकारने वसुलीसाठी चुलाणी मोजली. संशोधकाला त्यातून घराचा आकार कळला. घराचा इतिहास कित्येकदा असा करवसुलीच्या वहीत सापडतो.

४/ महाराष्ट्रात अशा वह्या नव्हत्या, हा समज चुकीचा आहे. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला, आणि खर्च १६,११० रुपये, असे तपशील आज सर्वत्र दिले जातात. वाड्याच्या इमारती १८२८ च्या आगीत भस्मसात झाल्या. तरीही त्याविषयी इतके बोलता येते, ते पेशवाईच्या कागदांमुळे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. मूळ दफ्तर पुण्यातच आहे.

५/ अडचण अशी की वाडा ज्या गावात, त्याचे कागद त्या गावात सहसा नसतात. मराठा सरदाराचे घर दक्षिणेत असे आणि पैसा उत्तरेतून येई. ज्या मार्गाने पैसा आला, त्याच मार्गावर कागद राहिले. राजस्थानातील कोट्याला शिंद्यांचा कारभार पाहणाऱ्या गुळगुळे घराण्याचे दफ्तर आनंदराव भाऊ फाळके यांनी उजेडात आणले. पळशीकरांचा माग काढायचा तर इंदूरच्या दिशेने जावे लागते. जामगावच्या वाड्याचा अभ्यासक जामगावातच थांबला, तर त्याला दगड दिसतील. त्या दगडांमागचा पैसा दिसणार नाही.

६/ कागद म्हणजे वेदवाक्य नव्हे, हेही ध्यानी घ्यावे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने इनामदारांकडून सनदा आणि वंशावळी मागवल्या. त्या दफ्तरात माहिती विपुल आहे. पण ती इनाम वाचवण्यासाठी दिलेली आहे. पूर्वजाचा पराक्रम तेथे थोडा फुगलेला सापडला, तर नवल नाही. सरकारी बांधकामाच्या हिशेबात सुतार-गवंड्यांची मजुरी निदान आकड्यांत उतरते. वेठीला धरलेल्या माणसाला मजुरीच नव्हती, म्हणून खर्चाच्या रकान्यात तो नाही. त्याचा शोध वेठ माफ केल्याच्या हुकमांत घ्यावा लागतो: ज्या गावाला माफी मिळाली, ते गाव आधी राबत होते.

७/ वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे आयुष्यभर जुन्या घरांतून दफ्तरे धुंडाळली. माळ्यावरचा प्रत्येक रुमाल त्यांच्या किंवा त्यांच्यानंतरच्या संशोधकांच्या हाती लागलेला नाही. घराच्या वाटण्या होतात, माळा रिकामा होतो, मोडी कोणाला वाचता येत नाही आणि रुमाल रद्दीत जातो. वाड्याच्या दरवाजाला रंग देण्यासाठी वर्गणी जमते; त्याच वर्गणीतून माळ्यावरच्या कागदांची पानागणिक छायाचित्रे आधी काढली पाहिजेत. दरवाजा आणखी एक पावसाळा काढील. वाळवी लागलेला रुमाल तितका तग धरीलच असे नाही, आणि मोडी तर काही महिन्यांच्या सरावाने वाचता येते.