बर्फातले जिवाणू आणि आपली लॉग फाइल

डीएनए सिक्वेन्सिंग इतकं स्वस्त झाल्यावर बशीत जिवाणू वाढवत कोण बसणार, असं मलाही वाटायचं. पण गोठलेल्या मातीत मेलेल्या पेशींचा डीएनएसुद्धा हजारो वर्षं टिकतो. यादीत नाव दिसलं म्हणजे तो जीव जिवंत आहे असं नाही. (लॉगमध्ये एन्ट्री असते, प्रोसेस कधीच मेलेली असते, तसंच!)

कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या कायम गोठलेल्या मातीतला 'प्लॅनोकॉकस हॅलोक्रायोफिलस' उणे १५ अंशांवरही वाढतो, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. कळलं कसं? खारट द्रवात वाढवून, वाट बघून. तिथे त्याची संख्या दुप्पट व्हायला सुमारे ५० दिवस लागतात. आता बोला!

बहुतेक जिवाणू बशीत वाढतच नाहीत, त्यांच्यासाठी सिक्वेन्सिंगच हवं, मान्य. तरी सगळी माती मशीनमध्ये घालू नका राव, चिमूटभर वाढवायला ठेवा.