'हाड मोडलंय, दुखणारच!'

बरीच वर्षे झाली या गोष्टीला. रात्री दवाखाना बंद करीत असताना एक शेतकरी सहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आला. मुलगा सकाळी चिंचेवरून पडला होता. कोपराच्या वरचे हाड मोडले होते आणि दुपारी एके ठिकाणी प्लास्टर घातले होते. "गोळ्या दिल्या, तरी रडं थांबत नाही, डॉक्टर," बाप म्हणाला. मी बोटे पाहिली. सुजली होती, पण गुलाबी होती. "हाड मोडलंय, दुखणारच," असे म्हणून मी वेदनाशामक इंजेक्शन दिले आणि सकाळी प्लास्टर घातले तिथे दाखवायला सांगितले. मूल झोपले. बापाने माझे आभार मानले.

आज तो मुलगा तरुण आहे. त्याचे मनगट वाकलेले आहे आणि बोटे आत वळलेली आहेत. शर्टाची गुंडी त्याला डाव्या हाताने लावावी लागते. त्या रात्री मी इंजेक्शनऐवजी कात्री उचलायला हवी होती.

आपल्या हातापायांचे स्नायू चिवट पडद्यांच्या कप्प्यांत बसवलेले असतात. हे पडदे फारसे ताणले जात नाहीत. हाड मोडल्यावर आत रक्त साचते, सूज चढते आणि कप्प्यातला दाब वाढतो. त्यात बाहेरून घट्ट प्लास्टर किंवा बांबूच्या कामट्या असतील, तर सुजेला जागाच उरत नाही. बारीक रक्तवाहिन्या दबतात, स्नायू आणि नसा उपाशी पडतात. यालाच 'कंपार्टमेंट सिंड्रोम' म्हणतात. मोठी रक्तवाहिनी मात्र बराच वेळ वाहती राहू शकते. म्हणून नाडी लागते, बोटे गुलाबी दिसतात आणि माझ्यासारखा डॉक्टर फसतो.

रक्त न मिळालेला स्नायू साधारण सहा ते आठ तासांत कायमचा मरू लागतो. मेलेला स्नायू आखडतो आणि बोटे ओढून घेतो. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी अशा आखडलेल्या हाताचे वर्णन १८८१ साली केले आणि त्याचा संबंध घट्ट बांधलेल्या पट्ट्यांशी जोडला. पायाच्या मोठ्या दुखापतीत तर मेलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

मग ओळखावे कसे? साधे हाड नीट बसवून आधार दिला की ठणका हळूहळू कमी होतो. इथे तो तासागणिक वाढतो, औषधाला दाद देत नाही. बोटे हळूच सरळ केली तरी रुग्ण किंचाळतो. मुंग्या येतात, बधिरता येते. लहान मूल हे सांगू शकत नाही, ते फक्त रडते आणि कुणाला हात लावू देत नाही. बोटे गार पडण्याची वाट पाहू नये. तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

असे झाले तर प्लास्टर, आतला कापूस, पट्टी सर्व काही कातडीपर्यंत ताबडतोब कापून मोकळे केले पाहिजे. हात छातीच्या पातळीत ठेवावा, उंच टांगू नये. चोळू नये, शेकू नये. तरीही ठणका ओसरला नाही तर शस्त्रक्रियेने पडदा उघडून दाब कमी करावा लागतो. म्हणून त्याच रात्री अस्थिरोगतज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठावे. गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा.

"प्लास्टर कापलं तर हाड सरकेल," अशी शंका हमखास निघते. सरकू दे! हाड पुन्हा बसवता येते. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत करता येत नाही.

या बाबतीत सगळे खापर गावच्या हाडवैद्यावर फोडण्याची आम्हा डॉक्टरांना सवय आहे. कामट्या करकचून बांधून हात गेलेली मुले मी पाहिली आहेत, यात शंका नाही. पण आमचे प्लास्टरही तितकेच घट्ट होऊ शकते. माझे स्पष्ट मत आहे की प्लास्टर घालणाऱ्या प्रत्येकाने ही लक्षणे आणि रात्री संपर्क साधायचा फोन क्रमांक मराठीत लिहून रुग्णाच्या हाती दिला पाहिजे. डॉक्टर येईपर्यंत प्लास्टर सैल करण्याची मुभा रात्रपाळीच्या परिचारिकेला असली पाहिजे. यासाठी ना यंत्र लागते, ना मोठा खर्च.

आणि वाचकहो, तुमच्या घरात प्लास्टर घातलेले मूल रात्रभर रडत असेल, तर कुणीही, अगदी डॉक्टरनेही, 'दुखणारच' म्हटले तरी ऐकू नका. पुन्हा विचारा. भांडा. डॉक्टरला झोपेतून उठवा. त्या शेतकऱ्याने माझ्याशी भांडायला हवे होते, असे मला आजही वाटते.