मैदानावरची उधारी



गतवर्षी आम्ही उभयता काही महिने मेलबर्नला मुलाकडे होतो. जूनमधील एका शनिवारी नऊ वर्षांचा नातू मला तिकडचा ‘फूटी’चा सामना दाखवायला घेऊन गेला. जून म्हणजे त्यांचा हिवाळा. सूर्य पाचच्या सुमारासच मावळतो. सामना दुपारचा होता, तरी परतेपर्यंत अंधार पडेल हे ओळखून सूनबाईंनी खाखरे आणि मेथीचे ठेपले बरोबर दिले होते. एक लाख माणसे बसू शकतील अशा त्या मैदानावर आम्ही आजोबा-नातू डबा उघडून चौविहाराची वेळ सांभाळीत बसलो होतो.

खेळ पाहण्यासारखा आहे. क्रिकेटपटूंचे शरीर हिवाळ्यातही तयार राहावे या विचारातून तो पुढे आला आणि १८५९ साली मेलबर्न फुटबॉल क्लबच्या मंडळींनी त्याचे पहिले नियम लिहून काढले. चेंडू लंबगोल, दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खेळाडू आणि मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने पार केला तर सहा गुण; नेम थोडा चुकून चेंडू बाजूच्या खांबाच्या आतून गेला तरी एक गुण. उभा जन्म बँकेत घालविलेल्या माझ्यासारख्याला हा नियम फार भावला. थोडक्यात हुकलेल्या प्रयत्नाचीही खात्यात नोंद होते.

नातवाच्या आवडत्या संघातील एका खेळाडूचा सोपा नेम मात्र साफ चुकला. त्या एका गुणालाही तो मुकला. नातू ताडकन उभा राहिला आणि इंग्रजीतून मोठ्याने ओरडला, “याचेच पैसे मिळतात का तुला?” आजूबाजूची माणसे हसली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसविले. “दादाजी, सगळेच ओरडतात!” तो फुरंगटून म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. मला तत्काळ उत्तर देता आले नाही, कारण ते उत्तर १९६९ सालच्या यवतमाळमध्ये होते.

तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. दारव्ह्यास आमचे कापडाचे दुकान होते. त्या काळी आमच्या भागात सामना म्हटला की तो कबड्डीचा. खेड्यापाड्यांत जुनी माणसे त्याला अजून हुतुतूच म्हणत. वऱ्हाडाला या खेळाचा विशेष अभिमान असण्याचे कारणही होते. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले होते. ही हकिकत आमचे शाळामास्तर दरवर्षी सांगत आणि आम्ही ती दरवर्षी नव्यानेच ऐकत असू. खेळाला ना चेंडू लागे, ना फळी. चुन्याच्या चार रेघा आणि छातीत दम एवढ्या भांडवलावर तो उभा राहत असे.

दारव्ह्याच्या संघात बहुतेक जण जिनातले हमाल होते. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाचा सीझन चाले. सरकी निघे, रुई दाबली जाई आणि पावणेदोनशे किलोच्या आसपासची एकेक गाठ ही माणसे लोटत नेत. त्यांच्या मांड्या आणि मनगटे कोणत्याही आखाड्यात तयार झाली नव्हती. त्यांतील एक जण चढाईत असा तरबेज होता की, तो मध्यरेषा ओलांडून गेला की आम्ही मुले श्वास रोखून धरीत असू. त्याचा दम तुटण्याआधी आमचाच तुटे.

हाच गृहस्थ आमच्या दुकानाचा उधारीदार होता. बहिणीच्या लग्नासाठी त्याने लुगडी आणि धोतरजोड नेले होते. “सीझन लागला का देतो जी, शेटजी,” असा त्याचा वायदा होता. सीझन लागला, सरलाही; तो मात्र आला नाही. दुकानासमोरचा रस्ता सोडून तो मागच्या गल्लीने ये-जा करू लागला. शाळा सुटल्यावर उधारीच्या वहीतील बेरजा तपासणे हे माझे काम असल्याने त्याच्या नावापुढील आकडा मला पाठ होता. सत्तेचाळीस रुपये.

त्या वर्षी चैत्रात यवतमाळला स्पर्धा भरल्या आणि दारव्ह्याचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. बाबूजींना कबड्डीचे मनापासून वेड होते; मात्र ते त्यांनी कधी बोलून दाखविले नाही. दुकान काकांवर सोपवून त्यांनी मला बरोबर घेतले आणि आम्ही शकुंतलेने निघालो. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी ही नॅरोगेज गाडी मुळात वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी आलेली. पुढे १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावरच चालली. चाळीसेक किलोमीटरच्या प्रवासात तिने आमचा निम्मा दिवस घेतला. आत्याबाईंकडे दिवस मावळण्यापूर्वी जेवण उरकून आम्ही मैदानावर गेलो. बाबूजींचा चौविहार असल्याने सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नव्हता. उन्हाळ्याची रात्र, भोवती धुरळा आणि घसा कोरडा! बाबूजी सामन्यात कधीच ओरडत नसत, त्याचे कारण मला अनेक वर्षे एवढेच वाटत होते.

आम्ही मैदानाच्या एका टोकाला, अंतिम रेषेच्या अगदी मागे, सतरंजीवर बसलो होतो. पूर्वार्धात आमचा संघ आमच्याच बाजूला होता, म्हणून खेळाडूंच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि आमचे चढाईवीर आता आमच्याकडे तोंड करून येऊ लागले. आम्ही दोन गुणांनी मागे होतो. तो उठला, मांडीवर थाप मारून निघाला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. एकाला हुलकावणी देऊन तो थेट शेवटच्या रेषेजवळ आला, त्याने मान वर केली आणि समोर सतरंजीवर बाबूजी बसलेले त्याला दिसले.

क्षणभरच. पण कबड्डीत क्षणभराची सवलत नसते. उच्चार थांबला, दम तुटला, पंचांची शिट्टी वाजली. तो बाद झाला होता आणि आमच्यापासून दोन हातांवर हात लोंबते सोडून उभा होता.

मी उठलो आणि भर मैदानात ओरडलो, “आमचे सत्तेचाळीस रुपये बुडवले, आता मॅचपण बुडवली!”

लोक खो-खो हसले. दुसऱ्या बाजूने कुणीतरी ‘सत्तेचाळीस, सत्तेचाळीस’ असा पुकाराही सुरू केला. तो मान खाली घालून परत गेला आणि बाद खेळाडूंच्या जागी जाऊन बसला. पुढे आमच्या संघाला गुण मिळाला, त्यासरशी तो पुन्हा आत आला. कबड्डीचा हा नियम मोठा दयाळू आहे. साथीदारांच्या कमाईने बाद झालेला माणूस जिवंत होतो. पण त्या रात्री त्याने पुन्हा चढाई केली नाही. आम्ही तीन गुणांनी हरलो.

बाबूजींनी मला मारले नाही, रागावलेही नाहीत. ते उठून गर्दीच्या पार मागे जाऊन उभे राहिले आणि उरलेला सामना त्यांनी तेथूनच पाहिला. परत जाताना वाटेत एकच वाक्य बोलले, “मी पुढे बसायला नको होते.” माझ्या अपराधातील आपला वाटा त्यांनी आधी मोजून घेतला होता, हे कळण्यास मला बराच काळ लागला.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीत आमचा संघही होता. बाबूजी मला हाताला धरून त्यांच्या डब्यात घेऊन गेले. ते सारे चूप झाले. बाबूजी त्याला म्हणाले, “काल माझ्या मुलाची जीभ घसरली. त्याला तुमची क्षमा मागायची आहे.”

“लेकरू हाय जी शेटजी, जाऊ द्या.”

“लेकरू आहे, तोवरच शिकले पाहिजे.”

मी हात जोडले. काय बोललो ते आठवत नाही. खाली पाहत होतो आणि त्याच्या गुडघ्यावरची ताजी खरचट तेवढी दिसत होती. तो घाईघाईने म्हणाला, “पैसे देतो जी शेटजी, या सीझनले नक्की.” बाबूजींनी त्याला मध्येच थांबविले, “ते दुकानात बोलू. येथे नाही.” मग त्याने शेजारच्या पुडीतून मूठभर भाजलेल्या शेंगा माझ्यापुढे केल्या. मी बाबूजींकडे पाहिले. त्यांनी मान हलविली आणि मी त्या घेतल्या.

आखातीजेच्या सुमारास तो दुकानात आला, पुढच्या दाराने. पाच रुपये देऊन गेला. पुढे कधी तीन, कधी दहा असे करीत नऊ रुपये बाकी राहिले. तेवढ्यात १९७२ चा दुष्काळ आला आणि तो बायकामुलांसह कामाच्या शोधात कोठेतरी निघून गेला. दर दिवाळीला नवी वही सुरू करताना बाबूजी त्याच्या नावावरचे नऊ रुपये पुढे ओढीत. एकदा मी म्हणालो, ही रक्कम आता बुडीत खाती टाकावी. त्यावर ते म्हणाले, “तो देतो म्हणाला होता. देत नाही असे कोठे म्हणाला?”

वाचकहो, एवढे शिकल्यावर मी शहाणा झालो असे म्हणणे असत्य ठरेल. एम. कॉम. होऊन मी बँकेत लागलो आणि सेवेतील बरीच वर्षे आपल्याच जिल्ह्यातील ग्रामीण शाखांत काढली. एका शाखेत असताना थकबाकीदारांची नावे रकमांसह गावातील फळ्यावर लावावीत अशी वरून सूचना आली. मी ती पाळली. आठ दिवसांनी एका शेतकऱ्याची पत्नी दाराशी येऊन म्हणाली, “साहेब, हे बाजारात जात नाहीत जी आता.” त्या संध्याकाळी मी स्वतः जाऊन फळा पुसला. वसुली त्या फळ्याने वाढली नव्हती, पुसल्याने घटलीही नाही. मला मात्र कित्येक वर्षांनी ‘सत्तेचाळीस, सत्तेचाळीस’ हा पुकारा पुन्हा ऐकू आला होता.

पुढे २००६ साली यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, २००८ मध्ये कर्जमाफी आली. त्या कागदपत्रांवर मीही सह्या केल्या. माफीने व्याज आणि मुद्दल पुसता येते. चारचौघांत गेलेली पत पुसून परत आणण्याचा कोणताही अर्ज मला सेवाकाळात आढळला नाही. आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या वाचताना कर्जाचे आकडे सर्वांना दिसतात. त्या आकड्यांचा पुकारा कोणी, कोठे केला, हे बातमीत येत नाही.

आपण व्यापारी माणसे. उधारी दिली तर मागावीच लागते. न मागणे हा काही धर्म नव्हे, त्यात दुकान बसते. परंतु प्रत्येक माणसाची एक जागा अशी असते, जेथे तो उधारीदार नसतो. कोणी भजनात टाळ धरतो, कोणी वरातीत पुढे नाचतो, कोणी रेघ ओलांडून चढाईला जातो. तेथे आपली वही उघडू नये, एवढेच बाबूजींचे सांगणे होते. अहिंसा आपण ताटात फार काटेकोरपणे पाळतो. माझ्या मते तिची खरी परीक्षा जिभेवर आणि तीही वसुलीच्या वेळी होते. पर्युषणानंतर आपण ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो ते जे भेटतात त्यांना. ज्याला आपण चारचौघांत लाजविले, तो मागच्या गल्लीने जातो. तो भेटत नाही. त्याच्याकडे आपणच जावे लागते, तिसऱ्या वर्गाच्या डब्यातही.

परतीच्या ट्राममध्ये ही सारी हकिकत मी नातवाला सांगितली. तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. मग त्याने विचारले, “दादाजी, ते नऊ रुपये अजून कोणाकडे आहेत?”

“त्याच्याकडे नऊ रुपये आहेत,” मी म्हणालो, “आणि आपल्याकडे त्याची एक चढाई.”