आपोआप वाळवणारी पेटी आणि धाडची लाल मिरची

धाडहून एका भगिनीचे पत्र आले आहे. लिहितात, हिरव्या मिरचीचे तोडे झाले, भाव पडला म्हणून शेवटचे तोडे झाडावरच लाल होऊ दिले. दोनेक क्विंटल ओली लाल मिरची हाती येईल. मागच्या साली दिवाळीच्या पुढे-मागे पाऊस आला, वाळत घातलेली मिरची भिजली आणि निम्मी फटकी झाली. त्या पैशांवर मुलीच्या वसतिगृहाची फी भरायची होती, ती उसनवारीने भरावी लागली. यंदा थोरल्याने मोबाईलवर एक विजेची पेटी दाखवली आहे. माल आत ठेवायचा, बटण दाबायचे, की ती आपोआप वाळवते, मुरवते आणि झाले की शिटी देते. मालक म्हणतात, कशाला भानगड, ओलीच विकून टाकू. ताईंचा प्रश्न एवढाच : पेटी घेऊ का?

ताई, तुम्ही जाहिरातीची चिठ्ठीही सोबत पाठवलीत ते बरे केले. त्यावरून एक गोष्ट कळली, ती आधी सांगते. ही पेटी मिरचीसाठी केलेलीच नाही. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून घरी गांजाची चार झाडे लावायला बहुतेक प्रांतांत कायद्याने मुभा मिळाली, आणि घरच्या घरी तो पाला वाळवून मुरवायच्या अशा पेट्या तिकडे निघाल्या. आपल्याकडे 1985 च्या कायद्याने गांजाची लागवड हा गुन्हा आहे, तेव्हा तो विषय आपला नव्हे. पण पेटी कशी चालते ते समजून घेण्याजोगे आहे. त्या पाल्याचा वास उडू नये म्हणून तो थंड्या हवेत, हळूहळू वाळवतात. हवा वीस अंशांच्या आसपास, तिच्यात दमटपणा साठ टक्के, आणि असे आठ-पंधरा दिवस. आता या हवेत तुमची मिरची ठेवून बघा. जाड सालीची, आत बियांचा गाभा ओला, बाहेरून मेण चढवल्यासारखी चकचकीत. ती तिथे वाळायची नाही, बुरसायची. शिटी मात्र वेळेवर होईल!

म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारावा की, बाबा रे, ही पेटी दिवसाला किती पाणी काढते? ती आपोआप चालते का, हे नंतर.

मिरची वाळवणे म्हणजे पाणी काढणे, दुसरे काही नाही. पिकून लाल झालेल्या ताज्या मिरचीत शंभरात सत्तर-पंच्याहत्तर भाग पाणीच असते. साठवणीला ते दहा-अकरा भागांवर आणावे लागते. तुमच्या दोन क्विंटलचा हिशेब मांडू. शंभर किलोत पंचवीस किलो सुका ऐवज धरला, तर वाळून साधारण अठ्ठावीस किलो मिरची हाती येते. म्हणजे दोन क्विंटलची छप्पन्न किलो. उरलेले एकशे चव्वेचाळीस किलो पाणी हवेत घालवायचे. दहा घागरी पाणी म्हणा ना! एक लिटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते, तीही उष्णता जराही वाया गेली नाही तर. म्हणजे शंभर युनिट नुसते कागदावर, आणि प्रत्यक्षात दुप्पट धरून चाला. युनिटचा दर तुमच्या बिलावर छापलेला आहे, गुणून पाहा.

शिवाय वेळ. चांगल्या, गरम हवेच्या पेटीतसुद्धा अखंड मिरचीला पंचावन्न-साठ अंशांवर एक ते दोन दिवस लागतात. घरगुती पेटीत एका वेळी पाच किलो ओला माल मावतो असे धरले, तर तुमचे चाळीस घाणे होतील. दोन महिने गेले. तोवर बाकीची मिरची कुठे थांबणार? घरच्या वर्षाच्या तिखटापुरती पेटी ठीक आहे, दोन क्विंटलला नाही.

आता मालकांचे म्हणणे. तेही अगदीच चुकीचे नाही, हिशेबाने पाहू. शंभर किलो ओल्याची अठ्ठावीस किलो वाळली, म्हणजे वाळल्या मिरचीला ओलीच्या साडेतीन पटींहून जास्त भाव मिळाला तरच वाळवण्यात पैसा. हिशेबापुरती ओली लाल तीस रुपयांनी जात असेल, तर वाळलेली एकशेसात रुपयांना विकली तेव्हा कुठे बरोबरी झाली. तुमची मजुरी, ताडपत्री, खराब माल, सगळे त्याच्या वर. ताई, बाजारात जाण्याआधी दोन्ही भाव एकाच दिवशी विचारा. तुमच्या अंगणापासून भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई काही दूर नाही, आणि तिथे मिरचीचे जाणकार भेटतात. पण तो बाजार मुख्यतः हिरव्या मिरचीचा, हे ध्यानात असू द्या. वाळलेलीचा भाव वेगळ्या पेठेत ठरतो.

वाळवायचेच ठरवले, तर पावसाच्या भीतीचा विचार हवा. नंदुरबारला जाऊन आलेल्यांनी तिथल्या पथाऱ्या पाहिल्या असतील. गावाबाहेर मोकळ्या जमिनीवर व्यापारी ओली लाल मिरची पसरतात आणि नजर पोचेल तिथवर जमीन लाल होते. आणि अवकाळी पाऊस आला, की त्याच पथाऱ्यांवर ताडपत्र्या घेऊन धावाधाव सुरू होते. एवढ्या मोठ्या व्यापाऱ्यांची जर ही गत, तर आपण अंगणात काय करणार, असे कुणी म्हणेल. मला उलटे वाटते. दोनशे किलो झाकायला दहा मिनिटे लागतात, एकरभर माल झाकायला नाही पुरत. लहान असण्याचा हा एक फायदा आहे, तो घ्यावा.

भिजलेल्या मिरचीचे नुकसान नुसते रंगाचे नसते, हे मात्र नीट समजून घ्या. ओलसर राहिलेल्या मिरचीत एक बुरशी वाढते आणि ती अफलाटॉक्सिन नावाचे विष सोडते. ते डोळ्यांना दिसत नाही आणि फोडणीत घातले म्हणून जात नाही. 1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला, बुरसलेला मका गोरगरिबांनी पोटासाठी खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झाले, आणि शंभरावर माणसे दगावली. मिरची आपण मक्यासारखी ताटभर खात नाही, त्यामुळे तेवढे भय नाही. पण रोज खातो, लेकरांनाही देतो. युरोपातले देश एक किलो मिरचीत दहा मायक्रोग्रॅमहून जास्त अफलाटॉक्सिन आढळले तर माल घेत नाहीत. एक टन मिरचीत दहा मिलीग्रॅम, म्हणजे चिमटीतही न येणारे. तेव्हा फटकी मिरची निवडून काढली आणि घरच्या तिखटाला वापरली, ही आपली जुनी काटकसर सोडून द्यावी. बुरसलेली, आत काळी पडलेली मिरची ना विकायची, ना खायची, ना गुरांना घालायची.

तर करायचे कसे? तोडलेली मिरची लगेच उन्हात टाकू नका. घरात, सावलीत, कोरड्या जमिनीवर दोन-तीन दिवस ढीग घालून ठेवा. अर्धवट लाल असलेल्या मिरच्या त्यात पुऱ्या लाल होतात. ओल्या ढिगावर थेट ऊन लागले तर पांढरे डाग पडतात. रोज एकदा ढीग हलवा, आणि हात घातल्यावर आत गरम लागले तर मोडून पसरा. मुरवणे म्हणून पेटीवाला जे विकतो आहे, त्यातला निम्मा भाग हाच. तो आपल्या आज्यांना ठाऊक होता.

मग वाळवण जमिनीपासून उचला. बाजेवर जाळी बांधा, किंवा बांबूंचे माचाण करून त्यावर शेडनेट ताणा. खालून वारा लागला की वरखाली दोन्हीकडून वाळते, आणि कुत्री-कोंबड्या, धूळ यांचा त्रास जातो. डांबरी रस्त्याच्या कडेला माल टाकायची पद्धत धाड-बुलढाणा रस्त्याला काय किंवा कुठल्याही रस्त्याला काय, मला पटत नाही. गाडीचा धूर आणि माती त्याच मिरचीत बसते. थर एका-दोन मिरच्यांचाच ठेवा. दिवस मावळायच्या आत झाका, कारण दिवाळीनंतरचे दव दिवसभराची मेहनत परत ओली करते. देठ मोडू नका. देठाच्या जागी भोक पडले की बुरशीला दार उघडे झाले.

आपोआप चालणारे यंत्र हवेच असेल, तर ते चौघी-पाच जणींनी मिळून घ्यावे, आणि ते सौर असावे. प्लॅस्टिक कागदाचे बोगद्यासारखे घर, आत जाळीचे मांडे, वर एक पंखा, आणि उष्णता ठरावीक अंशाला पोचली की पंखा आपण होऊन सुरू करणारी छोटीशी कळ. आपोआपपणा इतकाच पुरतो. ती कळ पंचावन्नावर लावा. साठाच्या पुढे फार वेळ गेले की मिरचीचा रंग काळपट होतो, आणि बाजारात पैसे रंगाचेच मिळतात. महाराष्ट्रातल्याच एस फोर एस टेक्नॉलॉजीज या उद्योगाने खेड्यातल्या बायकांच्या दारी सौर वाळवणी यंत्रे दिली आणि वाळलेला भाजीपाला त्यांच्याकडूनच विकत घेतला. या कामाला 2023 साली अर्थशॉट हे जागतिक पारितोषिक मिळाले. त्यातली मला आवडलेली गोष्ट यंत्र नव्हे, तर माल कोण घेणार हे आधी ठरलेले असणे. चांदोल, करडी, धाड अशा जवळच्या गावांतल्या गटांनी एकत्र येऊन आधी गिऱ्हाईक गाठावे, मग यंत्राचे बघावे. अशा कामांसाठी 2020 साली केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना निघाली, तिच्यात कर्जाशी जोडलेले 35 टक्के अनुदान ठेवले होते. आज अर्ज घेतात का आणि अटी काय, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कचेरीत समक्ष विचारून घ्या, मध्यस्थाला पैसे देऊ नका.

घरापुरती पेटी घेतलीच, तर दोन सूचना. पहिली, ती घरात ठेवू नका. पंख्याने मिरचीची वाफ घरभर फिरली की ठसक्याने लेकरे आणि म्हातारी माणसे हैराण होतात. पडवीत ठेवा, हवेचे तोंड बाहेरच्या बाजूला करा. दुसरी, वीज गेली की पेटीचे दार लगेच उघडा आणि माल पसरा. बंद पेटीतली कोमट, ओली मिरची म्हणजे बुरशीचे माहेरघरच. आपल्याकडे वीज कधी जाते ते पेटी करणाऱ्याला ठाऊक नसते.

आणि शिटीवर विश्वास ठेवू नका. पेटी आतल्या हवेचा दमटपणा मोजते, मिरचीच्या पोटातला नाही. त्यापेक्षा काटा बरा. आत घालताना पाच किलो होती ना, ती एक किलो चारशे ग्रॅमच्या आसपास आली की थांबा. मिरची हलवली की बिया खुळखुळल्या पाहिजेत, आणि देठाजवळ दाबून पाहिले तर ओल लागता कामा नये. फार वाळवून चुरा होऊ देऊ नका, त्यात वजनही जाते. मग सगळी मिरची एका कोरड्या कोठीत किंवा स्वच्छ पोत्यात तोंड बांधून दोन-तीन दिवस ठेवा. कमी-जास्त वाळलेल्या मिरच्यांतली ओल या काळात सारखी होते. मुरवण्याचा उरलेला निम्मा भाग हा. त्यातली मूठभर काचेच्या बरणीत घालून झाकण लावा आणि उन्हात ठेवा. काचेवर आतून घाम आला तर अजून एक ऊन द्या. नाही आला तर पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा.

पुढच्या सालच्या रोपांसाठी बियाणे राखणार असाल, तर ती मिरची या सगळ्यातून आधीच बाजूला काढा. चाळीस अंशांच्या वर तापवलेले बी उगवेल याचा भरवसा नाही, ते सावलीतच वाळवावे. आणि तुमचे वाण संकरित असेल तर ते बी धरूच नका, पुढची झाडे सारखी निघत नाहीत.