मिसरूड केव्हा फुटेल?

दिवाळी अंक हाती आला की वाचकांनी आधी कथा वाचाव्यात, मग व्यंगचित्रे पाहावीत आणि ताटलीतली शेवटची चकली संपता संपता आमच्या पानाकडे वळावे, हा आता शिरस्ताच झाला आहे. दिवाळीत तरी आजाराची गोष्ट काढू नका, असे मला घरूनही बजावण्यात आले आहे. पण आजची गोष्ट आजाराहून अधिक एका मुलाच्या मोठे होण्याची आहे. ज्या घरात मुलगा वाढतो आहे, त्या प्रत्येक घराने ती ऐकावी.

महिन्यातून दोनदा मी शहापूर आणि मुरबाडला जातो. कसाऱ्याच्या गाडीने आसनगावला उतरायचे, दुपारपर्यंत शहापुरात एका स्नेह्याच्या दवाखान्यात मुले तपासायची आणि मग किन्हवली-सरळगावच्या रस्त्याने मुरबाड गाठायचे, असा क्रम. मुंबईकरांच्या नळाला येणारे भातसा आणि तानसाचे पाणी याच शहापूर तालुक्यातले. पाणी मुंबईला पोचते. तिथल्या मुलांची हकिगत मात्र क्वचितच पोचते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी, भात कापणीला आले असताना, एक आजी नातवाला घेऊन आली. मुलगा माझ्या चांगल्या ओळखीचा. वय पंधरा पूर्ण, इयत्ता नववी; पण पाहणाऱ्याला तो पाचवीतला वाटावा. आई-बाप दोघेही नाहीत. जन्माच्या वेळीच आईकडून त्याला एच.आय.व्ही.ची लागण झालेली. ती कळली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. तेव्हापासून सरकारी केंद्रातून फुकट मिळणाऱ्या गोळ्या चालू. एवढी वर्षे सगळे ठीक होते. पण या खेपेच्या तपासणीत रक्तातले विषाणू भराभर वाढलेले दिसले.

"गोळ्या घेतो ना वेळेवर?" मी विचारले.

"रोज हातावर ठेवतंय मी," आजी म्हणाली. "पर डाक्तर, पंधरावं सरलं, मिसरूड नाय फुटली. संगतीची पोरं बाप्ये झाली. हा असाच राहनार का हो?"

मुलगा खाली मान घालून बसला होता. आजीला मी बाहेर बाकावर बसायला सांगितले. बराच वेळ गेल्यावर तो बोलला. वर्गात त्याला 'छोटू' म्हणत. ओढ्यावर पोहायला तो जात नसे, कारण कपडे काढावे लागत. मग त्याने आपल्यापुरता हिशेब मांडला होता.

"डॉक्टर, बाकीची पोरं गोळ्या घेत नाहीत, ती वाढली. मी घेतो, मी नाही वाढलो. म्हणून बंद करून पाहिल्या."

आजीने हातावर ठेवलेली गोळी तो सात महिने गोठ्यामागच्या उकिरड्यात टाकत होता. वाचकहो, त्याचा तर्क चुकला होता. पण त्याला दोष देण्याची माझी छाती झाली नाही. गोळी कशाची, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. "रक्त वाढायची गोळी" एवढेच आजीने सांगितलेले. आणि मी? सात वर्षे मी त्याचे वजन घेतले, छाती तपासली, जीभ पाहिली. पण मुलगा वयात येतो म्हणजे काय होते, याविषयी चकार शब्द काढला नव्हता. चूक माझीच होती.

आता ही भानगड काय आहे ते थोडक्यात सांगतो. मुलगा वयात येण्याचा हुकूम मेंदूच्या तळाकडून सुटतो. तो पोचला की वृषणे वाढू लागतात आणि त्यांच्यात पुरुषी संप्रेरक तयार होते. सर्वसाधारणपणे हे नऊ ते चौदा या वयात केव्हातरी सुरू होते. मिसरूड आणि फुटलेला आवाज या पुढच्या पायऱ्या. आई-वडील नेमकी त्यांचीच वाट पाहत बसतात. झ्यूरिकच्या प्राडर नावाच्या डॉक्टरांनी १९६६ साली लहानापासून मोठ्यापर्यंत बारा मण्यांची एक माळ प्रसिद्ध केली. वृषणाचा आकार त्या मण्यांशी ताडून पाहायचा. चार मिलिलिटरचा मणी जुळला की समजावे, गाडी फलाटावरून हलली! चौदा पूर्ण होऊनही ती हलली नाही, तर डॉक्टरांनी कारण शोधायला हवे.

एच.आय.व्ही. असलेल्या मुलात ही गाडी का अडते? शरीर रात्रंदिवस विषाणूशी झुंजत असते. भूक मंदावते, जुलाब होतात, कधी क्षयाची भर पडते. खाल्लेले अन्न वाढीला न लागता लढाईला लागते आणि सततच्या दाहाने मेंदूचा तो हुकूमही दबून राहतो. दुष्काळाच्या साली शहाणा शेतकरी घरातले लग्न पुढे ढकलतो, तसेच हे आहे. लग्न पुढे जाते, मोडत नाही.

अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे मोजून पाहिले आहे. जन्मतः लागण झालेले मुलगे हे, आईला लागण असूनही स्वतः त्यातून वाचलेल्या मुलग्यांपेक्षा, जवळजवळ वर्षभर उशिरा वयात येऊ लागले. ज्यांना प्रभावी औषधे अधिक काळ मिळाली, त्यांचा उशीर कमी. म्हणजे गोळी वाढ रोखत नाही. वाढीची वाट मोकळी करते. आमच्या छोटूचा हिशेब नेमका उलटा होता.

याचा दाखला मला त्याच दिवशी संध्याकाळी मुरबाडला मिळाला. तिथे येणारा एक मुलगा चौदाचा. दीड वर्षाचा असतानाच त्याची तपासणी होऊन औषधे सुरू झाली होती. त्याचा आवाज घोगरा झालेला, बाह्या आखूड पडलेल्या. त्याच्या घरची मंडळी दिवाळी झाली की वीटभट्टीवर कामाला जातात. आई म्हणाली, "भट्टीवर गोळ्या कमी पडाया नको." पुढच्या मुक्कामाच्या गोळ्या आधीच बांधून घ्यायला ती आली होती. भट्टीच्या धुरात, उघड्यावरच्या झोपडीत त्या माउलीने एक गोळी चुकवली नव्हती. एक मुलगा वाढला, दुसरा अडला. दोघांत फरक पडला तो औषध सुरू होण्याच्या वयाचा आणि त्यातल्या नियमाचा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या देशात या विषाणूचा पत्ता पहिल्यांदा १९८६ साली मद्रासला लागला. सरकारने फुकट औषधे द्यायला २००४ साली सुरुवात केली आणि मुलांसाठी वेगळी योजना २००६ साली आली. औषधाविना अशा बाळांपैकी सुमारे निम्मी दुसरा वाढदिवस पाहत नसत. आज एक आजी "मिसरूड केव्हा फुटेल?" असे विचारू शकते, ही केवढी मजल आहे!

मुलाच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढून मी खिडकीच्या उजेडात धरला. हाडांच्या टोकाशी वाढीच्या फटी असतात. वाढ पुरी झाली की त्या बुजतात. "हे पाहा," मी म्हटले, "तू पंधराचा, पण तुझी हाडे बाराचीच आहेत. दारे अजून उघडी आहेत." तो कितीतरी वेळ त्या फटींकडे पाहत राहिला.

पण एवढ्याने भागणार नव्हते. गोळी कशाची, हे त्याला कळायलाच हवे होते. बारा वर्षांच्या आतच, मुलाला समजेल अशा बेताने टप्प्याटप्प्याने सांगावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ सालीच म्हटले आहे. आम्ही त्याला पंधरापर्यंत अंधारात ठेवले होते. आजी ऐकेना. "त्याला कळलं तर पोर जीव देईल," म्हणून रडू लागली. शेवटी तिच्या संमतीने, समुपदेशकांना शेजारी बसवून, मी सांगितले. तो रडला नाही. त्याने एकच विचारले, "म्हणजे आईला हेच होतं? मग तिची चूक नव्हती ना?"

"नव्हती," मी म्हटले. "तिला ठाऊकही नव्हते."

आजीने त्याला जवळ ओढले. मग मी त्याला पुढचेही सांगितले. गोळ्या नेमाने घेऊन रक्तातले विषाणू सापडेनासे झाले आणि तसेच राहिले, तर मोठेपणी शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. लग्न करता येते, निरोगी मुले होतात. २०१७ साली झालेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला कायदाही त्याच्या पाठीशी आहे. या कारणासाठी कोणतीही शाळा त्याला काढू शकत नाही आणि त्याचे गुपित कोणी चारचौघांत फोडू शकत नाही.

आता थोडे शहरातल्या आई-वडिलांसाठी. उशिरा वयात येणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आजार असतो, असे मुळीच नाही. पुष्कळदा ते घराण्यातच असते. वडिलांनाही मिसरूड उशिरा फुटलेली असते. कुठे कुपोषण असते, कुठे क्षय, कुठे थायरॉइडचा दोष. म्हणून चौदा ओलांडले की तपासून घ्यावे. जाहिरातीतली उंची वाढवण्याची चूर्णे आणू नयेत. संप्रेरकाची इंजेक्शने कधी लागतातही, पण ती तज्ज्ञाने ठरवायची. उशीर फार लांबला तर हाडे कमकुवत राहण्याचा संभव असतो. तेव्हा दूध, नाचणीची भाकरी, डाळ, अंडे आणि उन्हातला खेळ यांत कसूर नको. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलाशी बोला. मुलींशी आई निदान दोन शब्द बोलते. मुलगा मात्र "आपोआप कळेल" म्हणून सोडून दिला जातो. त्याला आपोआप काय कळते, ते उकिरड्यातल्या गोळ्यांनी मला शिकवले.

या वर्षी नवरात्र उलटल्यावर दोघे पुन्हा आले. रक्तात विषाणू सापडण्याइतके उरले नव्हते. माळेतला चारचा मणी मागे पडला होता आणि दाराच्या चौकटीवर मी केलेली पेन्सिलीची खूण त्याच्या कपाळाखाली गेली होती. "डॉक्टर" म्हणताना त्याचा आवाज मध्येच चिरकला, आणि तो लाजला.

आजी मात्र तक्रार घेऊन आली होती. "गेल्या दिवाळीपावतर मी याला पाटावर बसवून तेल-उटनं लावत होते. औंदा म्हनतो, मी माझं लावीन. दार लावून आंघोळ करतो आता!"

"मग तुम्ही काय म्हणालात, आजी?"

"काय म्हननार?" तिने पदर तोंडाला लावला, हसू काही लपेना. "म्हटलं, बरं बाबा. आतनं कडी लाव."