माथ्यावर ऊन, घरात काळोख

दापोली तालुक्यातल्या एका वाडीत गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही जे पाहिले, त्याने रक्त उकळले. निवृत्त शिक्षकाचे घर. स्लॅबवर तीन किलोवॅटची नवी कोरी पॅनले. आदल्या रात्रीच्या वाऱ्यात आंब्याची फांदी तारांवर कोसळून वाडीची लाइट गेलेली. सकाळी आभाळ धुऊन निघाले होते. अकराचे लख्ख ऊन पॅनलांवर पडत होते आणि खाली माजघरात गुरुजींच्या पत्नी घामाने निथळत हातपंख्याने वारा घेत बसल्या होत्या. फ्रिजमधले इन्सुलिन त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवले होते. भिंतीवरच्या इन्व्हर्टरचा लाल दिवा दाखवत गुरुजी म्हणाले, "पंधरा दिवस झाले बसवून. बसवणारा म्हणाला होता, आता लाइटची चिंता गेली."

ही फसवणूक आहे, आणि ती एका गुरुजींची झालेली नाही. बिल शून्य होईल या एका शब्दावर भुलवून महाराष्ट्रात घरोघरी अशी पॅनले चढवली जात आहेत. लाइन मेली की आपले पॅनलही मेले, हे त्या घरांतल्या माणसांना कळते ते पहिल्या वादळात, काळोखात बसल्यावर.

यात यंत्राचा काडीचाही दोष नाही. नुसत्या लाइनवर चालणारा सोलर इन्व्हर्टर तारेतला दाब आणि 50 हर्ट्झचे ठोके सतत तपासत असतो. ठोके थांबले की तोही क्षणात थांबतो, आणि थांबलाच पाहिजे. फांदी काढायला वायरमन खांबावर चढलेला असताना घराघरांतून तारेत वीज उलटी शिरली, तर तो माणूस खांबावरच जळून मरेल. हा नियम माणसाच्या जिवासाठी आहे. त्याला हात लावू म्हणणाऱ्याच्या आम्ही आडवे येऊ.

पण या नियमाची दुसरी बाजू घरमालकाला का सांगितली जात नाही? हायब्रिड इन्व्हर्टर नावाची वस्तू बाजारात आहे. लाइन गेली की तो घराला तारेपासून तोडतो, खांबावरचा वायरमन सुरक्षित राहतो, आणि बॅटरीच्या आधाराने घरातले ठरावीक दिवे, पंखे, फ्रिज तो चालू ठेवतो. दुपारी पॅनल घर चालवून उरलेली वीज बॅटरीत भरते, रात्री बॅटरी घर चालवते. हे ज्ञान गुप्त नाही. बसवणाऱ्या प्रत्येक एजन्सीला ते पाठ आहे. तरी ते ओठांवर येत नाही. बॅटरीचे नाव काढले की किंमत वाढते, गिऱ्हाईक विचारात पडते आणि महिन्याचा आकडा हुकतो. आकडा हुकू नये म्हणून म्हाताऱ्या माणसांना काळोखात ढकलणाऱ्या या धंद्याला आम्ही लबाडीच म्हणणार.

मात्र एजन्सीवाल्यांना झोडपून सरकारला मोकळे सोडायला आम्ही तयार नाही. त्यांनी जे विकले ते सरकारने आखून दिलेले आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना आली. एक कोटी घरे, 75,021 कोटी रुपये. दोन किलोवॅटला 60,000 रुपये अनुदान, तीन किलोवॅटला आणि त्यापुढे 78,000. सामान्य माणसाच्या छपरावर वीज तयार व्हावी, हा हेतू चांगला आहे आणि तो आम्ही मानतो. पण हे सारे अनुदान पॅनलांच्या किलोवॅटवर मोजलेले आहे. बॅटरीला त्यात एक रुपयाही नाही. पॅनलची उरलेली वीज दुपारी तारेत जाते, लाइन चालू असेल तेव्हाच जाते, आणि वीज कंपनीच्या जाळ्याला मिळते. घराला काळोखात तारणारी वस्तू बॅटरी. तिच्याकडे योजना आखणाऱ्यांनी पाठ फिरवली.

पाठ फिरवून थांबले असते तरी सोसले असते. त्यांनी तिच्यावर कर लावला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून सौर पॅनलावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. त्याच घराने वेगळी बॅटरी विकत घ्यायची म्हटले की 18 टक्के. हिशेब मांडा. तिसऱ्या किलोवॅटच्या पॅनलासाठी सरकार घरमालकाच्या खात्यात 18,000 रुपये घालते. त्याने लाख रुपयांची बॅटरी घेतली की कराच्या रूपाने तेवढेच 18,000 रुपये काढून घेते. या हाताने दिले, त्या हाताने ओरबाडले!

आता यावर कुणी म्हणेल, बॅटरीसाठी तिजोरीत पैसाच नाही. खोटे आहे. सप्टेंबर 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 4,000 मेगावॅट-तासांच्या बॅटरी साठवणुकीसाठी मदतीची योजना मंजूर केली. अर्थसंकल्पातून 3,760 कोटी रुपये आणि भांडवली खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत मदत. कुणाला? कुंपण घालून, कंटेनर मांडून बॅटऱ्यांचे प्रकल्प उभारणाऱ्या कंपन्यांना. ते प्रकल्प हवेत, त्यांना आमचा विरोध नाही. पण दिवसाची वीज साठवून रात्री वापरणे हे कंटेनरमध्ये घडले तर राष्ट्रकार्य, आणि तेच गुरुजींच्या पडवीत घडले तर 18 टक्के कर भरावा लागणारी चैन, हा न्याय कुठल्या शहाण्याने ठरवला? कंपनीच्या बॅटरीला चाळीस टक्के टेकू आणि कुटुंबाच्या बॅटरीला शून्य, हा भेद आम्हाला मान्य नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने 1 जुलै 2025 पासून घरगुती बॅटरीच्या किमतीत सुमारे 30 टक्के सवलत सुरू केली. तिथला गृहस्थ त्यांना जड झाला नाही. आमचाच का जड होतो?

दुसरा युक्तिवाद त्याहून घातक आहे, कारण तो शहाणपणाचा आव आणून येतो. म्हणतात, बॅटरी कशाला? तारांचे जाळे हीच तुमची बॅटरी. दुपारी वीज तारेत ठेवा, रात्री परत घ्या, नेट मीटर हिशेब ठेवेल. बिलापुरते हे खरे आहे. पण पतपेढीत आयुष्याची पुंजी ठेवलेल्या आणि घरात आजारपण आले त्याच दिवशी पतपेढीला टाळे पाहिलेल्या माणसाला विचारा, पासबुकातल्या आकड्याचे औषध होते का. ज्या रात्री वीज लागते त्याच रात्री जी मिळत नाही, तिला साठवण कसली म्हणता?

आणि कोकणाला हे सांगता? 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्याला धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली. खांब काडीसारखे मोडले, आगरांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या, तारा पाणंदीत लोळत पडल्या. परजिल्ह्यांतून वायरमन आले. चिखलात, पावसात खांद्यावर खांब वाहून त्यांनी लाइन उभी केली. त्यांच्यापुढे आम्ही हात जोडतो. पण त्यांनी जिवाचे रान करूनही काही वाड्यांत महिना उलटला तरी दिवा लागला नाही. विहिरीला पाणी होते आणि पंप मुका होता. मोबाइल चार्ज करायला जनरेटरपुढे रांगा लागल्या. मुंबईतला चाकरमानी महामारीच्या त्या दिवसांत आईचा आवाज ऐकायला तळमळत होता आणि इकडे फोनमध्ये जीव नव्हता. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला मुंबईची वीज काही तास गेली, लोकल थांबल्या, तर देशभर गहजब झाला. व्हायलाच हवा होता. पण आमच्या वाडीच्या महिनाभराच्या काळोखावर चौकशी समिती नेमल्याचे आम्हाला आठवत नाही. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आले आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पुन्हा तेच.

विजेसाठी या भूमीने काय दिले नाही? कोयनेचे पाणी सह्याद्री फोडून पोफळीला आणले, 1,960 मेगावॅटचे प्रकल्प उभे राहिले आणि महाराष्ट्राचे कारखाने त्यावर चालले. दाभोळला एन्रॉन कंपनीचा वीज प्रकल्प आला, त्याला विरोध करताना गुहागरच्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या. जयगडला 1,200 मेगावॅटचे औष्णिक केंद्र धगधगते आहे. जैतापूरच्या सड्यावर सुमारे दहा हजार मेगावॅटचा अणुवीज प्रकल्प उभारायचा हट्ट अजून सुटलेला नाही. आणि पोफळीच्या पंचक्रोशीतही वारा सुटला की आधी मेणबत्ती शोधावी लागते. दिव्याखाली अंधार ही म्हण इथे रोज जगावी लागते.

म्हणून लोकांना आम्ही पोटतिडकीने सांगतो, स्वतःचा हिशेब स्वतः मांडायला शिका, दुसऱ्याच्या तोंडावर विसंबू नका. काळोखात घराला किती लागते? नऊ वॅटचे चार दिवे पाच तास म्हणजे पाव युनिटही नाही. साधा पंखा 75 वॅट खातो, नव्या बीएलडीसी मोटरचा साधारण 30. असे तीन पंखे रात्रभर फिरले तर एक युनिटभर. फ्रिज दिवसाला एक-दीड युनिट. वायफाय आणि फोन पाव युनिट. सगळे मिळून तीन युनिट. तीन किलोवॅटची पॅनले वर्षाच्या सरासरीने दिवसाला बारा युनिट देतात. आषाढात काही दिवस ते निम्म्याहूनही खाली येते, हेही ऐकून ठेवा, कारण ते तुम्हाला कुणी सांगणार नाही. पण घराची ही नड त्यातून बहुतेक दिवस भागते. गिझर, एसी, विहिरीचा पंप या बॅटरीवर टाकू नका. वायरिंगमध्येच आणीबाणीचे दिवे-पंखे-फ्रिज वेगळ्या लाइनवर काढून घ्या.

बॅटरीच्या बाबतीत तर लूट उघड आहे. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची शिशाची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर 1.8 युनिटची. तिला दीर्घायुषी ठेवायचे तर निम्मीच वापरावी लागते, म्हणजे हातात उरते 0.9. घराच्या तीन युनिटांसाठी असल्या चार बॅटऱ्या लागतील. विकणारा एक विकतो आणि रात्रभर चालेल म्हणून छातीठोक सांगतो. शिवाय तिला वरचेवर डिस्टिल्ड वॉटर हवे आणि चार-पाच वर्षांत ती बदलावी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटची 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची पेटी पाच युनिटची आणि त्यातली चार-साडेचार युनिटे खरोखर वापरता येतात. ती हजारो वेळा भरून रिकामी होऊ शकते. आज महाग वाटते, पण दहा वर्षांचा हिशेब घातला तर शिशापेक्षा तीच परवडते. सेल कोणत्या रसायनाचे, किती वेळा भरण्याची हमी, किती वर्षांची वॉरंटी हे पेटीवर आणि बिलावर छापलेले नसेल तर ती पेटी उंबऱ्याच्या आत घेऊ नका. घेतलीत तर उन्हाने तापणाऱ्या पत्र्याखाली ठेवू नका. उष्णता तिचे आयुष्य खाते.

अर्थिंगवर तर आम्ही ओरडून ओरडून घसा सुकवला आहे. पॅनलाचे वेगळे, एसी बाजूचे वेगळे, तडितरोधकाचे वेगळे, अशी तीन अर्थिंग हवीत. आमचा जांभा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा होतो, त्यात चार फुटांवर सळई ठोकून पोबारा करणाऱ्याने अर्थिंग केलेच नाही असे समजा. आणि खाऱ्या वाऱ्यात साध्या रंगवलेल्या लोखंडाचा सांगाडा दोन पावसाळ्यांत गंजतो. गॅल्व्हनाइज्ड लोखंड मागा, नटबोल्ट स्टेनलेसचे मागा. वादळात उडालेले पॅनल शेजाऱ्याच्या अंगणात तलवारीसारखे येऊन पडते.

सरकारकडे आमची मागणी चार ओळींची आहे. बॅटरीवरचा कर पॅनलाइतका करा. सूर्यघर योजनेत घरगुती बॅटरीला अनुदान द्या, आणि त्याची सुरुवात वादळाच्या पट्ट्यातल्या किनारी तालुक्यांपासून करा. लाइन गेल्यावर ही यंत्रणा बंद पडेल की चालेल, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत, ग्राहकाच्या सहीसह करारावर लिहिणे सक्तीचे करा. आणि ज्याने खोटे सांगून विकले त्याची नोंदणी रद्द करा.

वीज ग्राहक हक्क नियमांच्या 2023 च्या दुरुस्तीत केंद्रानेच मान्य केले आहे की उन्हाच्या तासांत वीज स्वस्त हवी आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत महाग. म्हणजे दुपारचे युनिट संध्याकाळपर्यंत जपून ठेवणारे घर साऱ्या राज्याच्या तारांवरचा भार हलका करते. अशा घराचे देणे तुम्ही लागता. त्याच्याकडून कर कसला वसूल करता? 2020 च्या त्याच मूळ नियमांत चोवीस तास वीज देण्याचे बंधनही वितरण कंपन्यांवर घातलेले आहे. ते तुम्हाला पाळता येत नसेल, तर ज्याला स्वतःच्या छपरावर स्वतःची रात्र उजळायची आहे त्याच्या वाटेतून बाजूला व्हा.

मिरगाला अवकाश आहे, तोवर ज्यांची पॅनले बसायची आहेत त्यांच्यासाठी एवढेच. काम पुरे झाले म्हणून एजन्सीचा माणूस फोटो काढायला आणि सही घ्यायला येईल. त्याला चहा द्या, आणि सही करण्याआधी त्याच्यादेखत मीटरपाशी जाऊन मेन स्विच खाली ओढा. पंखा फिरत राहिला तरच सही करा.